घागरीचा बिल्ला

हे मी लिहावं की नाही, याचा विचार करण्यातच पाच-सहा आठवडे गेले. नेमगोंडा आण्णांना चाळीस-चाळीस वर्षं ओळखणारी माणसं सांगलीत आहेत, त्यांचे नातेवाईक आहेत, गल्लीतले शेजारी आहेत. मी त्यांना जेमतेम दीड वर्षं ओळखत होतो आणि त्यातलेही शेवटचे पाच महिने मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं असतं आणि काय नसतं, हे विचारायलाही घरी कुणी नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आण्णांनी घेतलं नसतं… पण ते पुढे येईलच.

आण्णा बिल्ले करायचे. शर्टाच्या खिशावर टाचणीने लावतात ते गोल बिल्ले. कापडपेठेच्या मागच्या एका गल्लीत त्यांची दहा बाय बाराची खोली होती आणि तिच्यात हाताने दाबायचं एक लोखंडी मशीन. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, त्यावर पातळ प्लास्टिक, मागे टाचणीची चकती, आणि मग दांडा खाली… खट्ट. एवढंच काम. पण या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या निवडणुका, कुस्तीच्या मैदानातले पंच, गणपती मंडळांचे कार्यकर्ते, रक्तदान शिबिरं, शाळांचे मॉनिटर, सगळ्यांच्या छातीवर त्या खोलीतून गेलेलं काहीतरी असायचं. आणि प्रत्येक लॉटमधला पहिला बिल्ला आण्णा स्वतःजवळ ठेवत.

मी तिथं पोचलो तो कॉलेजच्या प्रकल्पामुळे. इतिहासाच्या सरांनी सांगितलं होतं, आपल्या भागातली एखादी जुनी वस्तू निवडा आणि तिचा इतिहास लिहा. वर्गातल्या मुलांनी घरातल्या तलवारी, जुनी नाणी, आजोबांची पत्रं आणली. माझं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. घरचे लोक मेंढ्या घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर. जुनं म्हणावं असं आमच्याकडे काही टिकतच नाही, कारण जे टिकतं ते वापरात असतं. कुणीतरी म्हणालं, त्या बिल्लेवाल्या म्हाताऱ्याकडे जा. गेलो, तर समोरच्या भिंतीवर दोन काळ्या घोंगड्या टांगलेल्या आणि त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत बिल्लेच बिल्ले. मी बिल्ल्यांकडे बघायचं सोडून घोंगडीची कड हातात घेतली.

"काय बगतोस रं? बिल्ले वर हाईत."

"घोंगडी आमच्याकडची आहे," मी म्हणालो. "काठ बघून कळतं."

आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग तूच सांग, घोंगडीवर का लावल्यात?"

मी घोंगडीची कड उलटून बघितली. ते म्हणाले, कापडाला टाचणीची भोकं पडतात आणि वाढत जातात, लोकरीत पडलेलं भोक परत मिटतं. शिवाय कृष्णेचं पाणी खोलीत छातीपर्यंत आलं होतं तेव्हा घोंगड्या पिळून वाळवल्या की झाल्या नव्यासारख्या. गंजले ते बिल्ले. ते एकेक करून त्यांनी तेलाच्या फडक्याने पुसले होते. तरी घोंगडीवर काही ठिकाणी गंजाची तांबूस कडी उमटलेली होती आणि ती शेवटपर्यंत गेली नाहीत.

त्यांची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय ते कळणार नाहीत. लॉटमधला पहिला बिल्ला तयार झाला की तो स्वतःच्या खिशावर लावायचा आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत टाचणी सुटली नाही, तर लॉट पास. मग तो बिल्ला घोंगडीवर. यात पक्ष, पॅनेल, मंडळ काही बघायचं नाही. एकदा कारखान्याच्या निवडणुकीत सकाळी एका पॅनेलचा आणि दुपारी दुसऱ्या पॅनेलचा बिल्ला त्यांच्या छातीवर होता. चहावाला ओरडला, "आवं आण्णा, जेवायच्या आत पार्टी बदलली व्हय?" आण्णा शांतपणे म्हणाले, "पार्टी नव्हं, टाचनी तपासतोय. तुमच्यापेक्षा टाचनी लय इमानदार असती." मला हे फार आवडायचं. पुढे मीही त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचो. संध्याकाळी मात्र दिवस मावळायच्या आत ते जेवायला उठत, त्यांच्या धर्माचा नियम होता तो. त्यामुळे आमच्या सगळ्या गप्पा उजेडातल्या आहेत.

जुन्या बिल्ल्यांतले काही त्यांच्या वडलांनी जमवलेले होते. तेव्हा प्लास्टिक नव्हतं, पितळेवर मिन्याचं काम असायचं आणि खाली रेशमी फीत. संमेलनाचे, अधिवेशनांचे, सहकारी सोसायटीच्या पहिल्या संचालकांचे. मी एकदा विचारलं, की सातारा-सांगलीत इतके क्रांतिकारक होऊन गेले, तर चलेजावच्या काळातला एखादा बिल्ला नाही का? आण्णा इतके हसले की चहा सांडला. "आरं गड्या, भूमिगत मानूस बिल्ला लावून फिरतो व्हय? ते फिरले असते तर पोलिसांचं काम किती सोपं झालं असतं!" मग सांडलेला चहा पुसत म्हणाले, "ज्याचा बिल्ला न्हाई, त्याचंबी काम असतंय. पन घोंगडीवर त्याला जागा देता येत न्हाई…"

हळूहळू आमचं ठरलं. मी प्रत्येक बिल्ल्याची चिठ्ठी लिहायची. कुणासाठी केला, कशासाठी, त्या वेळी काय घडलं. आण्णा सांगत, मी लिही, आणि चिठ्ठी त्या बिल्ल्याच्या खाली टोचून ठेवायची. त्यांची पत्नी वारली होती, मुलगा पुण्यात. गिऱ्हाईक जवळजवळ संपलं होतं. "आता लोक छातीवर लावत न्हाईत, स्टेटसवर लावत्यात," ते म्हणत. महिनामहिना मशीनचा आवाज होत नसे. काही वेळा मी दारात उभा राहिलो तरी त्यांना कळायचं नाही. ते घोंगडीकडे तोंड करून बसलेले असत आणि मी खोकलो की म्हणत, "आलास? बस. त्या तिसऱ्या ओळीचं आठवलं बग मला." मी आठवड्यातून दोनदा जायचो. बाकीचे पाच दिवस ते कुणाशी बोलत असतील, हे मी तेव्हा स्वतःला कधी विचारलं नाही.

आता त्या बिल्ल्याबद्दल. दुसऱ्या घोंगडीच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा बिल्ला होता, त्यावर निळ्या रंगात एक घागर. बस्स. एकही अक्षर नाही. आण्णांना एवढंच आठवत होतं की वीसेक वर्षांपूर्वी एक माणूस जीपने आला, दोन दिवसांत पन्नास नग पाहिजेत म्हणाला, घागर काढा म्हणाला, काय लिहायचं विचारलं तर "काय बी लिहू नका" म्हणाला. माल घेऊन गेला. "माझ्या हातनं गेला आनि कशाला गेला ते मला ठावं न्हाई," आण्णा म्हणत. "असा ह्यो एकच." ते त्या बिल्ल्याकडे परत परत जायचे. मी पुढची ओळ विचारायला लागलो की त्यांचं बोट त्या कोपऱ्यात.

प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली. सरांनी दिलेल्या तक्त्यात 'इतिहास' असा रकाना होता आणि रिकामा रकाना चालणार नाही, असं बजावलं होतं. मी घाबरलो. आणि घागरीपुढे लिहून टाकलं, 'ग्रामपंचायत निवडणुकीतील अपक्ष उमेदवाराचे चिन्ह.' शोभून दिसत होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी… पण तीच चिठ्ठी मी आण्णांच्या घोंगडीवरही टोचली. त्यांना बरं वाटेल, अशी मी स्वतःची समजूत काढली.

प्रकल्पाच्या गडबडीनंतर पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा ती चिठ्ठी त्यांच्या हातात होती.

"कुनी सांगितलं हे तुला?"

"अंदाजानं लिहिलं, आण्णा. घागर म्हणजे चिन्हच असणार…"

"अंदाज हाय तर अंदाज म्हन." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "बिरू, मी शंभर पॅनेलचे बिल्ले केले. त्येंनी खोटं छापून घेतलं तर ते त्येंचं खोटं. ह्या भिंतीवरचं माझं हाय."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मी म्हणालो, "विचारून सांगतो." ते म्हणाले, "सांग. मी कुठं जातोय?" आणि चहा मागवला. त्या दिवशीचा चहा आम्ही दोघांनी घोंगडीकडे तोंड करून प्यायला. ती आमची शेवटची भेट.

मी खरंच विचारत फिरलो. पलूसला एका जुन्या छापखान्यात गेलो, निवृत्त तलाठ्यांना भेटलो, पंचायत समितीतल्या क्लार्कला फोनमधला फोटो दाखवला, ग्रंथालयात जुने अंक चाळले, दोन प्राध्यापकांना विचारलं. कुणी म्हणालं नळयोजना, कुणी म्हणालं बचत गट. सगळेच अंदाज. आणि अंदाज घेऊन मला त्या खोलीत परत जायचं नव्हतं. आमच्यात कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. दोन वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. एकदा आण्णा मला दिसलेही, दारातल्या स्टुलावर, खिशावर काही न लावता बसलेले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती…

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांकडे गेलो. तळ तेव्हा कोरेगावजवळ होता. एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. दुपारी बाभळीखाली बसून मी मोबाइलमधले फोटो बघत होतो. मागे आई भाकरीचं पीठ चाळत होती. तिने माझ्या खांद्यावरून बघितलं.

"आरं, ह्यो आमचा बिल्ला तुझ्याकडं कसा?"

मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि सांगायला लागली. मी पोटात होतो आणि नंतर तान्हा होतो, तेव्हाच्या दुष्काळात सगळी जनावरं छावणीत नेली होती. टँकर यायचा तेव्हा मारामाऱ्या व्हायच्या. मग छावणी चालवणाऱ्यांनी ठरवलं, प्रत्येक वस्तीतली एक बाई निवडायची, तिनेच नळी धरायची, तिनेच पाळी लावायची. टँकरचे ड्रायव्हर परमुलखाचे, रोज नवे. त्यांना ती बाई ओळखू यावी म्हणून बिल्ला. "आमाला कुटं वाचाय येतंय? म्हून घागर काढलेली. आमच्या वस्तीची मी हुते." आणि ती हसायला लागली. "तुजी आज्जी बी रांगंत हुबी ऱ्हायची. वरीसभर मला घालून पाडून बोलायची ती, पर बिल्ला बगितला की गप! सुनंच्या हातनं पानी घ्यायचं म्हंजे…"

"मग कुठाय तो बिल्ला?"

"पत्रा गेला कुटंतरी. टाचनी काढून तुज्या दुपट्याला लावली हुती. लय घट्ट बसायची."

पाच महिने मी वाचता येणाऱ्या माणसांनाच विचारत होतो. आईला दाखवावं, असं एकदाही मनात आलं नाही.

त्याच ठिकाणी, वहीचं पान फाडून मी खरी चिठ्ठी लिहिली. खाली 'सांगणार' म्हणून आईचं नाव घातलं. ती चिठ्ठी आज घागरीच्या बिल्ल्याखाली आहे आणि पुढे आण्णांच्या मुलाने मला दिलेली ती घोंगडी माझ्या होस्टेलच्या खोलीत, कॉटच्या वरच्या भिंतीवर. माझ्या चिठ्ठीच्या खाली आणखी एक चिठ्ठी टोचलेली आहे. तिची गरज आता उरलेली नाही, पण मी ती काढणार नाही. कधी बाहेरून चहा आणला की मी घोंगडीकडे तोंड करून बसतो. टाचणी अजून एकाचीही सुटलेली नाही.

चिठ्ठी लिहून झाल्यावर मी बांधावर चढलो, तिथं रेंज यायची, आणि आण्णांना फोन लावला. लगेच उचलला गेला. मी एका दमात म्हणालो, "आण्णा, बिरू बोलतोय. घागरीचं कळलं. खरं कळलं, अंदाज नाही."

पलीकडून वेगळाच आवाज आला. "मी त्यांचा मुलगा बोलतोय. आण्णांना जाऊन आज बारा दिवस झाले."

खालून आई खुणेने विचारत होती, सांगितलंस का?

"तुम्ही ते चिठ्ठ्या लिहिणारे का?" मुलगा म्हणाला. "मी दुकानातच आहे, घोंगड्या उतरवतोय. इथं खाली घागरीचा एक बिल्ला आहे. त्याला आण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे… थांबा, वाचतो." कागदाचा आवाज आला. "'बिरू विचारून सांगणार आहे.' एवढंच लिहिलंय."