एलिझरनानांची दहावी खुर्ची

बोरिवलीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर बेने इस्रायल मंडळींचं लहानसं प्रार्थनामंदिर होतं. एलिझरनाना पेझारकर तिथले शमाश, म्हणजे झाडू मारण्यापासून दिव्यात तेल घालण्यापर्यंत सगळं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा तो काळ. दर दोन-चार महिन्यांनी एखादं कुटुंब इस्रायलला निघायचं. निघण्याआधी एलियाहू नबीच्या नावाने मलिदा व्हायचा, आणि गोड पोह्यांचं, खोबऱ्याचं, फळांचं ते ताट नानाच मांडायचे. ज्यांच्या जाण्याने हॉल ओस पडायचा, त्यांनाच गोड खाऊ घालून निरोप द्यायचा, अशी ही नोकरी.

"तुम्ही ताट मांडलंत की माणूस गेलाच म्हणून समजा," त्यांची बायको सेगुलाबाई म्हणायची. "पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी मांडू द्या."

गळती लागता लागता नानांना धरून नऊ पुरुष उरले. तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचायची तर दहा पुरुष लागतात. तरी नाना दर शनिवारी दहावी खुर्ची पुसून पंख्याखाली ठेवत. कधी पनवेलचा पाहुणा येई, कधी कुणाचा जावई. कधी कुणीच येत नसे. मग तोरा कपाटातच राहायची आणि नाना खुर्ची पुन्हा पुसून जागेवर ठेवायचे, जणू कुणीतरी नुकतंच बसून गेलंय.

ट्रस्टचे अध्यक्ष शालोमसाहेब किहीमकर कांदिवलीला राहत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात न बसणारा कडक माणूस. गुडघ्यांमुळे प्रार्थना घरीच करायचे. त्यांनी निरोप धाडला, की येत्या शनिवारी ते स्वतः पाहायला येतील. दहा नसले तर हॉलला कुलूप आणि तोरा ठाण्याच्या मंदिरात.

शुक्रवारभर नाना वणवण फिरले. बाकीच्या आठही जणांनी येतो म्हटलं. दहावा काही मिळेना.

शनिवारी सकाळी नाना दारात उभे राहून नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "काय उकडतंय." शब्बाथला बटणाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला लाव म्हणायचंही नाही. पण शेजारच्या तुळशीदासला हे पाठ होतं. तो आला, पंखा लावला आणि मोकळ्या खुर्चीकडे पाहून म्हणाला, "मी बसू का नाना? टोपी घातली की मला कोण ओळखतंय?"

"तू पंखा सांभाळ रे बाबा," नाना म्हणाले. हसून त्यांनी खुर्ची आणखी एकदा पुसली.

तेवढ्यात शालोमसाहेब आले. कांदिवलीहून चालत, घामाघूम, एक हात कमरेवर आणि दुसरा गुडघ्यावर. दारातच थांबून त्यांनी मोजायला सुरुवात केली. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणतात. डोक्यागणिक एक शब्द. साहेब पुटपुटत एकेका खुर्चीवरून पुढे सरकले. नववा शब्द नानांवर पडला. साहेबांनी मान हलवली आणि वचन तिथेच सोडलं.

नानांनी साहेबांकडे पाहिलं आणि शांतपणे दहावा शब्द उच्चारला.



"बसा साहेब," नाना म्हणाले. "तुमच्यासाठीच खोळंबलो होतो."

बऱ्याच आठवड्यांनी त्या दिवशी तोरा उघडली. प्रार्थना संपल्यावर गुडघा चोळत साहेब कुरकुरले, की आजचं धरू नका, मी फक्त पाहायला आलो होतो.

"मग पुढच्या शनिवारी पाहायला या," नाना म्हणाले. "न बघता कुलूप कसं लावणार?"

साहेब पुढच्या शनिवारी आले. कुरकुरत त्याच्या पुढच्याही. एकदा तर त्या खुर्चीत पाठीला टेकायला शुक्रवारीच उशी पाठवून दिली. पुढे त्यांच्या मुलाने इस्रायलमधल्या अश्दोदहून कळवलं, की बाबा, आता इकडेच या. साहेबांनी उलट टपाली उत्तर दिलं, की सध्या जमणार नाही, बोरिवलीचा हॉल बंद करायचा आहे आणि दर शनिवारी त्याच कामाला जावं लागतं.

हे ऐकल्यावर सेगुलाबाईने नानांना विचारलं, मलिद्याचे पोहे भिजवू का?

"भिजव," नाना म्हणाले. "पण जाणाऱ्यासाठी नाही हं. आलेल्यासाठी."