शेवंतीबाईंचा खड्डा

शेवंती पगारे यांना लहानपणापासून एक वाईट खोड होती. पेरलेलं उकरून बघायची. कल्याणला कोळसेवाडीत चाळीच्या मागच्या दारी आई मेथीचे दाणे टाकायची आणि ही पोरगी दुसऱ्या दिवशी बोटाने माती बाजूला करून मोड आला का ते बघायची. त्या घरची मेथी कधी धड उगवली म्हणून नाही. आई वैतागून म्हणायची, "अगं, मातीलाही थोडी लाज असते. सारखी काय तिचा पदर उचलतेस?"

लग्न होऊन त्या ठाण्याला कोपरीत आल्या तेव्हा खोडही सोबत आली. नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि खिडकीत डब्यांतून लावलेली, सतत उकरलेली झाडं. महिला मंडळाने खाडीकडच्या कोळी आळीत बालवाडी काढायची ठरवली आणि बाई कोण होणार असा प्रश्न आला, तेव्हा शेवंतीबाईंचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. शिकवायची हौस होतीच, पण खरं सांगायचं तर त्यांना कोळ्यांची आळी आतून कशी असते ते बघायचं होतं.

खोली मिळाली ती मनुबाई नाखवांमुळे. पूर्वी तिथे जाळी ठेवत. कितीही फिनेल टाकलं तरी भिंतींचा सुकटीचा वास जात नसे, आणि मुलांना त्याचं काही वाटत नसे. मनुबाई बाजारात मासे विकत. आळीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या हो म्हणाल्या म्हणून बालवाडी उभी राहिली, नाही म्हणाल्या असत्या तर दुपारपर्यंत पाटी उतरली असती. त्यांची नात नीला याच बालवाडीत होती. पाच वर्षांची, केसांना तेल चोपडलेलं आणि तोंडात कायम एक प्रश्न.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. डबे खाऊन झाले होते आणि शेवंतीबाई केळ्यांची सालं गोळा करत होत्या. नीलाने विचारलं, "बाई, कचरा कुठं जातो?"

"खाडीत."

"मग खाडी कुठं टाकते?"

दुसरी कुणी बाई असती तर 'समुद्रात' म्हणून मोकळी झाली असती. शेवंतीबाईंना तो प्रश्न माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "खाडी कचरा कुठे टाकत असेल हो?" तो म्हणाला, "आमटी वाढ."

मग एका ओहोटीला त्यांनी मुलांची रांग लावली आणि सगळी पलटण खाडीवर नेली. पाणी उतरलं होतं. चिखलात निवटीचे बारके मासे उड्या मारत होते आणि तिवरांच्या फांद्यांवर पिशव्याच पिशव्या. पांढऱ्या, निळ्या, दुधाच्या, मिठाच्या. एक पोरगं ओरडलं, "बाई, झाडाला पिशव्या आल्या!" आणि सगळी मुलं खदखदून हसली. बाईंना हसू आलं नाही. भरतीने वर आणलेलं ओहोटी तिथेच सोडून जात होती. खाडी कुठेच काही टाकत नव्हती, आल्या पावली परत पाठवत होती.

एक गुलाबी पिशवी अगदी जवळ लटकली होती. साडीच्या दुकानाची, जाड, वर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. गाठीच्या फटीतून दिसणारी, काळीठिक्कर पडलेली झेंडूची फुलं. नीला म्हणाली, "ही आमची हाय. आजी निर्मालं टाकते ना."

पूर्वी मनुबाई निर्माल्य ओंजळीने खाडीत सोडत. दुकानातून अशा पिशव्या मिळायला लागल्यापासून त्या फुलं पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून टाकत. देवाची फुलं चिखलात लोळू नयेत म्हणून. यात अधर्म तो काय? उलट जास्तच सोवळं. शेवंतीबाईंनी काठीने ती पिशवी ओढून घेतली आणि सोबत आणली.

तुळशीची लग्नं लागायच्या सुमारास बालवाडीच्या मागे, शेवग्याखाली, खड्डा खणला गेला. असल्या उद्योगांना पुढे मोठमोठी नावं मिळाली, त्यांची शिबिरं झाली, माणसं बिल्ले लावून आली. तेव्हा आळीत त्याचं नाव एवढंच होतं, बाईंचा खड्डा. हात धुतलेलं पाणी पपईला घालायचं, फुटक्या कौलांचे तुकडे मोजून अंक शिकायचे, असले प्रकार बाईंच्या वर्गात आधीपासून चालत. खड्डा ही त्यातली सर्वांत मोठी मजा ठरली.

बाईंनी सांगितलं, "प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. माती ती खाईल की खाणार नाही ते आधी मनात ठरवायचं. वस्तू केळीच्या पानात गुंडाळायची आणि खड्ड्यात ठेवायची. शिमग्याच्या आधी आपण उघडून बघू." आणि मग, मुलांनी एकमेकांचं बघून एकच वस्तू आणू नये म्हणून, त्यांनी शेपूट जोडलं, "काय पुरलं ते कुणालाच सांगायचं नाही. मलाही नाही. सांगितलं तर माती रुसते."

हे शेपूट कशाला जोडलं, असं पुढे त्यांनी स्वतःला हजारदा विचारलं.

मुलांनी पुड्या आणल्या. काही पुड्यांना बोंबलाचा वास होता, एकीतून अंड्याचं कवच डोकावत होतं. नीलाची पुडी अगदी लहान होती आणि तिने ती स्वतः, कुणाला हात लावू न देता, तळाशी ठेवली. शेवंतीबाईंनी गुलाबी पिशवी फुलांसकट वर टाकली. मातीचा शेवटचा गोळा पडला आणि मुलांनी त्यावर नाच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई नाखवांच्या देव्हाऱ्यातून एकवीरा आईचा टाक नाहीसा झालेला होता.

टाक म्हणजे चांदीचा रुपयाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली देवी. मनुबाईंच्या सासूच्या सासूने पुजलेली. आधी उंदरावर संशय आला. कपाटं हलवली, जातं उचललं, फरशीच्या फटीत सुई घालून पाहिली. टाक बालवाडीच्या मागे दीड हात खोल झोपला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मग मनुबाईंना आठवलं की सुनेचा, म्हणजे नीलाच्या आईचा, जनीचा भाऊ, तुळशीच्या लग्नाला दिवा गावाहून येऊन राहून गेला होता. तेवढं पुरे झालं. जनीने आईच्या शपथा घेतल्या. नवरा आईपुढे तोंडातून अवाक्षर काढणाऱ्यातला नव्हता. मनुबाई म्हणाल्या, "देवी घरात येऊ दे, मग तू ये," आणि जनी पिशवीत दोन लुगडी घालून दिव्याला माहेरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि इथे तर चोरही नव्हता.

देवी घरातून गेली ही गोष्ट कोळ्याच्या घराने सांगण्यासारखी नाही. मनुबाईंनी ती उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. आळीला कळलं ते इतकंच की सून माहेरी गेली आहे. शेवंतीबाईंनाही तेवढंच ठाऊक होतं.

नीला मात्र रोज विचारू लागली, "बाई, खड्डा कदी उघडायचा?"

"शिमग्याला गं."

"शिमगा कदी?"

बाईंना भरून यायचं. आपल्यासारखीच उकरून बघायची खोड असलेली एक तरी पोर या जगात आहे! त्यांनी मंडळाच्या बैठकीत तिचं कौतुकही केलं. पोरगी डब्याला हात लावत नाही, फुगडीत उतरत नाही, मधल्या सुट्टीत शेवग्याखाली जाऊन बसते, हे त्यांना दिसत होतं. आई माहेरी गेली की मुलं अशीच करतात, असं त्या धरून चालल्या. शहाण्या बाईने इतकं समोरचं न बघावं, याचा मला अजून राग येतो.

पौषातल्या एका सकाळी नीला त्यांच्या पदराला लोंबकळली आणि हळूच म्हणाली, "बाई, देव कुजतो का वो?"

"कुठला देव?"

नीलाने दोन्ही हात तोंडावर दाबले. "नाय सांगायचं. माती रुसल."

पोर मधल्या सुट्टीत शेवग्याखाली का बसते ते शेवंतीबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी चुचकारलं, खडीसाखर दिली, रागावल्या. नीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तोंड उघडलं नाही. बाईंनीच तर शिकवलं होतं.

दुपारी त्या बाजारात मनुबाईंच्या टोपलीसमोर उभ्या राहिल्या. "मनुबाई, घरातलं काही गेलंय का तुमच्या?"

मनुबाईंचा कोयता पापलेटावर थांबला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "तुमाला कोनी सांगला?"

बाईंनी नाव टाळलं, पण टाक कसा गेला आणि जनीवर आळ कसा आला ते मनुबाईंकडून काढून घेतलं. त्यानंतरची रात्र शेवंतीबाईंना फार जड गेली. वाट सोपी होती. गुपचूप खड्डा उघडायचा, टाक काढायचा, मनुबाईंच्या देव्हाऱ्यामागे सरकवून द्यायचा. देवीने चमत्कार केला, सगळे खूश. पण मग जनीच्या कपाळावरचा डाग? तिच्या भावाने गुपचूप आणून ठेवला, असंच मनुबाई म्हणाल्या असत्या. आणि उघड सांगावं तर? बाईंच्या घरात देव नाहीत हे आळीला माहीत होतं. देव न मानणाऱ्या बाईने आमच्या पोरांना देव पुरायला शिकवलं, असं एकाने म्हणायची खोटी, की बालवाडी संपली. हात दाखवून अवलक्षण करून घेणं यालाच म्हणतात. नवरा म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस?" त्या म्हणाल्या, "मध्ये पडलेच आहे. खड्डा माझा आहे."

सकाळी त्यांनी मुलांच्या आयांना बोलावलं आणि मनुबाईंनाही. शिमग्याला अजून अवकाश होता, तरी खड्डा उघडायचं जाहीर केलं. कुदळ स्वतः घेतली. बालवाडी पणाला लागली होती, आणि तरीही, खोड ती खोड, आत काय झालं असेल हे बघायला त्यांचा जीव उतावीळ झाला होता.

वरची माती काळी आणि भुसभुशीत निघाली. भाकरी नाही. पेरू नाही. केळीची पानं नाहीत. मुलं एकेक वस्तू नाहीशी झाली की टाळ्या वाजवत होती. बोंबलाचे चार काटे निघाले, मग अंड्याच्या कवचाचा चुरा, एक शिंपला. आणि मग गुलाबी पिशवी. बाईंनी ती झटकली. पदर घेतलेली बाई तशीच हसत होती, गाठही सुटलेली नव्हती. मनुबाईंनी आपली गाठ ओळखली. कोळणीची गाठ लपत नाही.

"माजी पिशवी इथं कशी?" त्या म्हणाल्या.

बाई काही बोलणार इतक्यात नीला खड्ड्यात उतरली. तळाशी बोटं घातली आणि एक काळी चकती वर काढली. फ्रॉकला पुसली. पुसली तरी काळीच. ती घाबरून आजीकडे बघू लागली.

मनुबाईंनी टाक हातात घेतला. मासे-अंड्यांच्या कुजक्या मातीत चांदी काळी पडणारच, पण हे तिथे कोण सांगणार? "बाई," त्या म्हणाल्या, "माजी आई तू मातीत घातलीस?"

शेवंतीबाई म्हणाल्या, "मी घातली नाही. पण मी 'कुणाला सांगू नका' म्हणाले, म्हणून हे झालं. पोरीला बोलू नका. आणि मनुबाई, जनीने काही नेलं नव्हतं. हे सगळ्यांसमोर सांगते."

"आजी," नीला रडत म्हणाली, "तूच बोललीस ना, देवाला काय व्हत नाय. सगला जातो, देव ऱ्हातो. मी बघत व्हते. मग आयेला कनाला धाडलीस?"

मनुबाई खाली बसल्या. एका हातात काळी पडलेली देवी, समोर गुलाबी पिशवी, जशीच्या तशी. बराच वेळ त्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली. आतली फुलं सडून चिकट झाली होती, आणि वास असा की पुढच्या बाया नाकाला पदर लावून मागे सरल्या. मनुबाई सरल्या नाहीत. त्यांनी ती फुलं ओंजळीत घेतली, खड्ड्यात सोडली आणि वर माती लोटली.

आळीतली एक बाई म्हणाली, "मनुबाय, चिंच आनते. टाक उजलून घ्या आदी."

"नको," मनुबाई म्हणाल्या आणि टाक कमरेला खोचून उठल्या. त्या दिवशी त्यांची टोपली बाजारात गेली नाही.

दिव्याला जनी नळाच्या रांगेत हंडा लावून उभी होती. सासूला येताना बघून तिने पदर डोक्यावर ओढला. मनुबाई रांगेतल्या सगळ्या बायांसमोर थांबल्या, टाक काढला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. "काली पडली आई," त्या म्हणाल्या. "तुज्याच हातानं उजलायची. घरी चल."

हे जनीने नंतर बाईंना सांगितलं. वाटेने दोघी काय बोलल्या ते मात्र तिने सांगितलं नाही. आणि सबंध जन्म माती उकरण्यात घालवलेल्या शेवंतीबाईंनी तेवढं एक कधीच उकरून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नीलाला बालवाडीत पोचवायला जनी आली होती. टाक चिंचेने घासून तिची बोटं काळपट झाली होती. मागून मनुबाई आल्या, पदरात मोकळी फुलं घेऊन. खोलीची किल्ली मागायला आल्या असतील या भीतीने शेवंतीबाई उठून उभ्या राहिल्या.

मनुबाई म्हणाल्या, "बसा बाई. खड्डा उगडा हाय ना अजून?"