गुड्डीचा हलणारा दात
आता काय सांगू, आपलाच गाढवपना आपल्याच तोंडानं! पन तुमी च्या पाजून राह्यले, तं ऐका.

गुड्डीचं, म्हंजे माझ्या सात वर्सांच्या पोरीचं, टॉन्सिलचं ऑपरेशन होतं मलकापूरले. आदल्या दिवशी भूल देनाऱ्या डॉक्टरीनबाईनं तिचं तोंड पाह्यलं.

"झोपवल्यावर श्वासासाठी नळी घालावी लागते," त्या म्हनल्या. "तोंडातून सोपी जाते, पण हा वरचा दात हलतोय. पडून श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल. नाकातून घातली तर दाताला धक्का नाही, पण रक्त येऊ शकतं. उद्या बघून ठरवू."

माझा जीव थाऱ्यावर राहीन का? त्यात आमच्या गावी, वरवट बकालले, माझं वेल्डिंगचं दुकान! जे हलते ते जोडाचं, नाही तं काढाचं. सकाळी बायको पानी आनाले गेली, तसा म्या दाताले दोरा बांधला. टुक! रिवाजापरमानं दात दवाखान्याच्या कँटीनच्या पत्र्यावर फेकला. बायकोच्या भेवानं कोनाले सांगितलंच नाही.

गुड्डीले आत नेलं. जराशानं नर्सबाई धावतच बाहेर. "एक्स-रेवाल्याले बलवा! लेकराचा दात सापडून नाही राह्यला, छातीत गेला असन!"

माझ्या अंगावर काटाच आला! बायकोले म्हनलं, "कोनाचं लेकरू असन व बिचारं? कसे मायबाप असतीन, काही ध्यानच नाही!"

बायको पांढरी पडली. "आतमंधी एकच लेकरू हाये. आपलं."

मंग मी जो रडाले लागलो! "देवा, माझी गुड्डी! तो दात…" तो दात? तो तं म्याच पत्र्यावर फेकला होता न!

दारावर थापा मारल्या. "बाई, दात म्या काढला!"

डॉक्टरीनबाई बाहेर आल्या. मास्कवर नुसते डोळे दिसत होते, तेवढे पुरे झाले. "नुसतं सांगून चालणार नाही. दात दाखवा. पोरगी नळीवर झोपली आहे, लवकर!"

चढलो पत्र्यावर! तव्यासारखा तापलेला पत्रा, अन् मी रांगून राह्यलो, रडून राह्यलो.

खालून कँटीनवाला, "अबे, काय हुडकून राह्यला?"

"दात!"

"कोनाचा?"

"पोरीचा!"

"मंग पोरगी कुठी हाये?"

"ऑपरेशनमंधी!"

दात पन्हाळीत सापडला, सगळाच्या सगळा.

ऑपरेशन झालं. गुड्डीनं डोळे उघडले, तवा कुठी माझा जीव भांड्यात पडला. सांजीले बाई पाहाले आल्या. म्या हात जोडून विचारलं, "बाई, नळी शेवटी नाकातून घातली का तोंडातून?"

"तोंडातून. दात नव्हताच ना मध्ये."

"म्हंजे म्या दात काढला त्याचा फायदाच झाला म्हना ना!"

"झाला ना," बाई म्हनल्या. "फक्त पुढच्या वेळी आधी तुम्हाला भूल देईन, मग मुलीला."