पडलेलं मोहाचं झाड आणि कॉलेजचा नकाशा

मी दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर तहसिलीच्या दप्तरखान्यात चपराशी झालो. लाल फडक्यात बांधलेला कोणत्या गावाचा बस्ता कोणत्या फळीवर आहे, हे बाबूंपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. बढाई नाही मारत. बाबू स्वतःच विचारायला येत.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमच्या गावाला लागून सरकारी पडीक जमीन होती, तिथे पॉलिटेक्निक कॉलेज बांधायचं ठरलं. चांगलंच ठरलं. पण इंजिनीयर साहेबांनी नकाशा आखला त्यात लोहारकाम-सुतारकामाची कार्यशाळा नेमकी आमच्या बोडीवर आली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाला सोडायचं. गावाचं सगळं धान त्या एका बोडीवर. ती बुजली आणि रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली, तर गावाने खायचं काय?

घोळ साधा होता. जुन्या मिसलीत, म्हणजे गावच्या जमिनीच्या जुन्या कागदांत, सरकारी जमिनीची हद्द एका मोठ्या मोहाच्या झाडापासून मोजलेली होती. साहेबांना माळावर मोठा मोह दिसला, त्यांनी मोजणीची साखळी तिथून लावली. बाहेरच्या माणसाला सगळे मोह सारखे. आमच्याकडे प्रत्येक झाड कोणाच्या तरी घरचं. चैतात कोणत्या झाडाखाली कोणाची बाई फुलं वेचणार हे ठरलेलं. मिसलीतलं झाड आमच्या घरचं होतं. माझी आई त्याखाली वेचायची. ते कधीच वादळात पडलं, त्याचं लाकूड आमच्याच चुलीत गेलं. साहेबांचं झाड दुसऱ्या घरचं, बोडीच्या अंगाला.

मी साहेबांना सांगितलं, "साहेब, हे झाड ते नाई जी. ते कवाचंच पडलं."

"झाड पडल्याचा कागद आहे?"

आता झाड पडलं म्हणून तहसिलीत कोण कळवतं? पण साहेबांच्या ऑफिसातून आमच्या दप्तरखान्याला पत्र निघालं, की सदर वृक्षाबाबत अभिलेख शोधून कळवावे. ते पत्र आणलं मी. बाबूंनी वहीत चढवलं आणि शोधायचं काम दिलं मलाच. तीन दिवस मी बस्ते सोडले, बांधले, धूळ खाल्ली. मग उत्तर लिहिलं गेलं, 'अभिलेख आढळून येत नाही.'

मी बाबूंना म्हटलं, "हे तं मले आधीच माहीत होतं."

"मंग तीन दिवस काऊन शोधलं?"

"तुमीच सांगतलं जी."

"मंग झालं न सरकारी काम."

डोकं फिरलं माझं. उत्तर घेऊन गेलोच नाही. मिसल बाबूंसमोर आपटली आणि म्हटलं, पहिल्या पानापासून पूर्ण वाचा, मी इथून हलत नाही. कुरकुरत त्यांनी वाचली. चौथ्या पानावर ओळ निघाली, की झाडाच्या बुडाशी खुणेसाठी कोळसा पुरला आहे. जुने मोजणीवाले तसं करत. लाकूड कुजतं, दगड लोक उचलून नेतात, पुरलेल्या कोळशाला कोणी हात लावत नाही. साहेबांनी फक्त पहिलं पान वाचलं होतं. शिकलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेतली, आईला सोबत घेतलं आणि आमचा मोह होता त्या जागी साहेबांना बोलावलं. ते छत्री धरून उभे राहिले. गावातले येऊन बसले. एक जण म्हणाला, "चपराशी खजिना काढून राह्यला गा."

पहिला खड्डा रिकामा. दुसराही. साहेबांनी घड्याळ पाहिलं.  आई चार पावलं सरकली आणि म्हणाली, "इथी खण. माही टोपली इथी राहे."

हातभर खाली काळं लागलं. मूठभर कोळसा काढून मी साहेबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटाने चोळून पाहिला, "हं" म्हणाले आणि साखळी मागवली. नव्या मोजणीत बोडी हद्दीबाहेर गेली. कार्यशाळा दुसऱ्या अंगाला सरकली.

इथे संपायला पाहिजे होतं. पण नवा नकाशा दप्तरात लावायला आला तेव्हा मी बाबूंना वाचायला लावलं. मोजणी कुठून धरली? 'माळावरील मोहाच्या मोठ्या झाडापासून.' अंतरं नवी, बरोबर, पण खूण म्हणून साहेबांचंच ते उभं झाड. पुन्हा झाड.

साहेबांकडे गेलो. "हेही पडन जी एक दिवस."

"पडेल तेव्हा पाहू."

मग आईच्या चुलीतला टोपलीभर कोळसा घेतला आणि त्या झाडाच्या बुडाशी मीच पुरला. बाबूंना म्हटलं, याची नोंद करा. ते म्हणाले, अर्ज दे. अर्ज लिहायला मला अख्खी दुपार लागली, पण लिहिला मीच, कोणाला हात लावू दिला नाही. तो आमच्या गावाच्या बस्त्यात आहे, खालून तिसऱ्या फळीवर. बोडीत अजून पाणी आहे. ते झाड पडेल तेव्हा साहेबलोकांनी फडकं सोडावं आणि कागद शेवटच्या पानापर्यंत वाचावा. मी आता सांगायला जाणार नाही.