खपल्या गळेपर्यंत

शामलाबाईंबद्दल मला फार थोडं माहीत आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत त्यांची खोली माझ्या दारासमोर होती, एवढंच. माहेर कुठलं, नवरा कधी गेला, मी कधी विचारलं नाही. मला लिहायची सवय नाही. काही चुकेल अशी भीती वाटते. पण जे पाहिलं ते लिहितो.

त्यांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. देवी येऊन गेलेल्या माणसाला सहसा ती पुन्हा येत नाही, म्हणून कुणाचं मूल आजारी पडलं की त्यांना बोलावणं यायचं. एरवी सणावाराला त्यांची आठवण कुणाला होत नसे.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या रुपरावांच्या मुलाला, बबनला, देवी आल्या. आधी देवीची लस टोचणारा आला तेव्हा माता कोपेल म्हणून त्याच्या आईनं, यमुताईनं, त्याला कोठीत लपवलं होतं. गल्लीतल्या बऱ्याच आयांनी तेच केलं होतं. आता दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या, घरातली फोडणी बंद झाली आणि शामलाबाई बबनच्या उशाशी जाऊन बसल्या. मी लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर कामाला जाताना त्यांच्या ओट्यावर दूध ठेवायचो.

बबनचा ताप उतरला. माता उतरली की गल्लीतली लेकरं घरात बसवून दहीभात वाढायचा, ही आमच्याकडची रीत. यमुताई तांदूळ निवडायला बसली. शामलाबाई दारात आडव्या आल्या.

"खपल्या गळू दे वं. खपलीत रोग राहते."

"मातेचं जेवण अडवतं? म्हणूनच तुयं तोंड असं झालं!"

"तोंड त गेलंच, त्याचं काय! माया मोठ्या पोराचा ताप उतरला, तवा मीबी असंच जेवण घातलं. धाकटा त्याच्याच ताटात जेवला. तो नाही उठला वं."

यमुताईनं सूप खाली ठेवलं.

मग पोरं ताटल्या वाजवत आली, की आतून शामलाबाईंचा आवाज यायचा, "पळा रे! भात अजून शेतातच हाये!" अंथरूण त्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, पडलेल्या खपल्या वेचून चुलीत जाळायच्या. शेवटची खपली गळल्यावरच पंगत बसली. गल्लीत दुसऱ्या कुणाला देवी आल्या नाहीत. शामलाबाईंचं ताट मात्र ओट्यावर आलं. त्या ते घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

पुढे देवीचा रोगच संपला. त्यांना बोलावणारं कुणी उरलं नाही. संध्याकाळी त्या दारात बसायच्या, मी माझ्या दारात. बोलणं असं नव्हतंच.

काही वर्षांनी एका सकाळी त्या उमरेडला भावाकडे कायमच्या निघाल्या. रिक्षात बोचकं ठेवलं, आणि माझ्या ओट्यावर खेळणाऱ्या नातवंडांकडे बघत राहिल्या.

"पोरायले टोचलं का गा भाऊ?"

"टोचलं, बाई."

"मंग बरं."