दुसऱ्या ड्रॉवरमधला ब्लॉक

केशोरीच्या बाईचा ब्लॉक हरवला नव्हता. तो माझ्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि मला ते माहीत होतं. तरी मी फोनवर म्हणालो, "शोधतोय. जुन्या सामानात गेला असेल."

पलीकडे मीनल होती. गोंदियातलीच त्वचारोगतज्ज्ञ, माझ्याहून पुष्कळ लहान.

"सर, नागपूरला स्लाइड पोचल्या. ब्लॉक नाही पोचला."

"स्लाइडवर निदान स्पष्ट दिसतं."

"निदानाबद्दल कुणालाच शंका नाही, सर. जीन टेस्ट करायची आहे. बाई थांबल्यात."

"मला शिकवतेस का?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी पॅथॉलॉजिस्ट. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा माझ्याकडे येतो. आम्ही तो मेणात बसवतो. काडेपेटीहून लहान वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे अगदी पातळ काप काढून काचेवर रंगवले की झाली स्लाइड. स्लाइड पाहून आजार कळतो. पण नागपूरला जी तपासणी करायची होती तिला रंगवलेली काच चालत नव्हती, मेणातला मूळ तुकडाच लागत होता. मी स्लाइड पाठवल्या आणि सोबत लिहिलं, 'मटेरियल पाठवत आहे.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते करणं मला सोपं गेलं.

बाईंचं नाव सुगंधाबाई. तळपायाला मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. आपल्या लोकांत तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो. धानाच्या बांधीत अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायावरचा काळा डाग कोण बघणार? काटा रुतला असेल, रक्त साकळलं असेल म्हणून वर्ष जातं. सुगंधाबाईंचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. अशा काही रुग्णांच्या पेशींत एका जनुकात बदल सापडतो. सापडला तर त्यावर चालणारी गोळी असते. नागपूरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधनातून ती त्यांना मिळू शकत होती. आधी टेस्ट, मग गोळी. आणि टेस्ट माझ्या ड्रॉवरमध्ये अडकली होती.

कारण सांगायला लाज वाटते. पंचवीस वर्षं मी या जिल्ह्यातले तुकडे पाहिले. मेलॅनोमाचे रिपोर्ट लिहिले, सही केली, पाठवले. एकाही पेशंटला माझं नाव माहीत नाही. पॅथॉलॉजिस्टला कुणी भेटायला येत नाही. मग मीनल आली. तिने नागपूरच्या हॉस्पिटलशी बोलणी केली, गावोगावच्या बचत गटांना हाताशी धरलं आणि बायांना एकच गोष्ट सांगितली: "पाय धुतल्यावर जो डाग जात नाही, तो मला दाखवा."

बस, एवढंच. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपून बाया बांधावर पाय धुवायला बसतात, तेव्हा एकमेकींचे तळवे बघायला लागल्या. पूर्वी माझ्याकडे असे तुकडे उशिरा यायचे, मोठे आणि पिकलेले. आता लहान यायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रात्रंदिवस एकच सलत होतं, की हे वाक्य मला का सुचलं नाही.

तिरोड्याला बचत गटांनी तिचा सत्कार केला. मी मागच्या रांगेत होतो. पडद्यावर एका स्लाइडचा फोटो आला. ती माझी स्लाइड होती, काप माझ्या लॅबमधला, निदान माझं. खाली नाव नव्हतं. टाळ्या तिला. शेजारचा माणूस मला म्हणाला, "मॅडम बहुत काम कर रही हैं। आप क्या करते हैं?"

त्याच आठवड्यात नागपूरहून सुगंधाबाईंचा ब्लॉक मागणारं पत्र आलं. मी ब्लॉक काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

तीन आठवडे गेले. मग एका दुपारी लॅबच्या दारात एक बाई उभी राहिली. नऊवारीचा काठ चिखलाने माखलेला, हातात स्टीलचा डबा.

"मेन देनारे डाक्टर तुमीच का?"

"कोण आपण?"

"कौसल्या. सुगंधाची जाऊ. केशोरीवरून आली. नागपूरवाले म्हनतेत, तिच्या पायाचा तुकडा तुमच्यापासी मेनात हाये. थो पाठवून नाही राहिले, मनून मीच आली न्याले."

"बाई, तो सापडत नाहीये. शोधणं चालू आहे."

"मंग मी बसतो. रोवना सोडून आली. आमच्या बायाइनं माझी अन् सुगंधाची, दोघीच्याबी वाट्याची पात वाटून घेतली. आज खाली हात गेली, तं त्याइले काय सांगू?"

ती बाकावर बसली. डबा मांडीवर. मी मायक्रोस्कोपमध्ये डोळे घातले. काही दिसत नव्हतं.

इरफानभाई माझे टेक्निशियन. केस पिकले त्यांचे या लॅबमध्ये. आतून हात पुसत आले. बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"सर, केशोरीवाला ब्लॉक? वो तो आपके दराज में है। दूसरेवाले में।"

त्यांनी भोळेपणाने सांगितलं की जाणूनबुजून, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी ड्रॉवर उघडला. ब्लॉक वरच होता. कौसल्याबाईंनी आधी ड्रॉवरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढुसा दराज," त्या म्हणाल्या, "अन् तीन हप्ते?"

मी ब्लॉक कापसात गुंडाळून डब्यात ठेवला. झाकण त्यांनी स्वतः दाबलं. दारात थांबून म्हणाल्या, "तिले नाही सांगत मी. तिले आता डाक्टर लोकाइवर भरवसा लागते."

टेस्टमध्ये बदल सापडला. गोळ्या सुरू झाल्या. गाठ आता लहान होत आहे. पण त्या तीन आठवड्यांत ती वाढली होती. तशीही वाढलीच असती, की माझ्यामुळे वाढली? आयुष्यभर इतरांना रिपोर्ट दिले, हा मला देता येत नाही.

मी मीनलला फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तिरोड्याला तुमचं नाव टाकायला हवं होतं. चूक झाली माझी. पण माफी माझ्याकडे नका मागू. त्या केशोरीला असतात."

आता आमच्या लॅबमध्ये ब्लॉक मागितला की त्याच दिवशी जातो. माझ्या ड्रॉवरमध्ये पेन आणि चष्मा, एवढंच असतं. ब्लॉक सांभाळायचं काम पॅथॉलॉजिस्टचं, ब्लॉक पेशंटचा. हे मी विद्यार्थ्यांना पूर्वीही सांगायचो.

केशोरीला गेलो तेव्हा सुगंधाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या, पाय उशीवर. शेजारी कौसल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सुगंधा, हे मेनवाले डाक्टर."

सुगंधाबाईंनी दोन्ही हात जोडले. "तुमीच का? तुमी मेन देल्लं मनून दवाईची गोरी भेटली मले. लय उपकार झाले जी. तुमचं नाव काय?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एका पेशंटने मला नाव विचारलं होतं. कौसल्याबाईंचा हात सुपात थांबला.

मी नाव सांगितलं. मग म्हणालो, "उपकार नाही, बाई. तो तुकडा तीन आठवडे माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. मला माहीत होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं कौतुक मला बघवलं नाही, म्हणून मी तो मुद्दाम पाठवला नाही. तुमचे ते दिवस मी वाया घालवले. मला माफ करा."