पाणघोड्याची खरी हकिकत

पाणघोड्याच्या प्रकरणाविषयी बनशंकरीत ज्या हकिकती फिरत आहेत, त्यांतली एकही मला मान्य नाही. मराठी मंडळाचे चिटणीस सांगतात की मी तासभर स्वतःशीच भांडत होतो. माझी पत्नी 'तासभर' खोडून 'सकाळभर' करते आणि वर माझ्या हातवाऱ्यांची नक्कल करून दाखवते. वर्गातल्या माझ्या सहशिक्षिका पुण्याहून इकडे कानडी मुलखात संगणकाच्या नोकरीसाठी आलेल्या आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या काहीच सांगत नाहीत, नुसत्या हसतात. आणि ते अधिक वाईट. म्हणून घडले ते मी येथे लिहून ठेवीत आहे. भांडण अकरा मिनिटे चालले. त्याला पुरावा आहे.

मी उभी हयात एका सरकारी कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत यंत्रांचे नकाशे काढायला शिकवले. अशा नकाशाच्या कोपऱ्यात एक लहानसा तक्ता असतो. नकाशातली एक रेघ जरी हलवली तरी कोणी, केव्हा आणि काय बदलले याची त्या तक्त्यात नोंद करून सही करावी लागते. ही नोंद विसरलेल्या मुलांकडून मी अख्खे नकाशे पुन्हा काढून घेतले आहेत, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

म्हणून, सहशिक्षिकांनी संगणकावरचे ते 'सामाईक पान' मला प्रथम दाखवले, ज्याच्यावर सगळी मुले आपापल्या घरी बसून एकाच वेळी लिहू शकतात, तेव्हा मी कडाडून विरोध केला हे खरे असले, तरी नंतर सोय पाहून मी विरघळलो हे साफ खोटे आहे. मी विरघळलो तो त्यांच्या एका वाक्याने.

"सर, इथे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी कधी काय लिहिलं, ते मागे जाऊन बघता येतं."

"तक्ता आपोआप भरतो?"

"हो."

"आणि खोडलेले?"

"खोडलेलंसुद्धा. मिनिटासकट."

मी पत्नीला हाक मारून त्यांच्यासाठी दुसरा चहा मागवला.

हे सामाईक पान आमच्याकडे आले कसे, तेही सांगितले पाहिजे. मंडळाचा रविवारचा सकाळी दहाचा मराठी वर्ग मी निवृत्तीनंतर चालवू लागलो. तो आधी मंडळाच्या सभागृहात भरे. पण मुले के. आर. पुरमची, यशवंतपूरची, रहदारीतून वाट काढीत ती बनशंकरीला पोहोचेपर्यंत वर्ग अर्धा संपलेला असे. हळूहळू दोनच मुले येऊ लागली, आणि त्यांतले एक शेजारच्याच इमारतीतले होते. तेव्हा चिटणीसांनी बैठकीत सुचवले की वर्ग बंद करावा. मुलांना ध्वनिचित्रफिती पाठवून द्याव्यात, घरी बघतील. नळ बंद करण्याविषयी बोलावे तशा आवाजात ते हे बोलले. मी टेबलावर मूठ आपटली असे इतिवृत्तात नमूद आहे. टेबल मुळातच डुगडुगत होते. असो. शेवटी असे ठरले की वर्ग महिनाभर घरोघरी संगणकावर चालवून पाहावा. महिन्याअखेरीस चिटणीस स्वतः वर्गात येतील. मुलांनी सगळ्यांनी मिळून एक पानभर मराठी लिहून दाखवले तर वर्ग राहील, नाही तर फिती.

मला तो वर्ग हवा होता. ज्याने आयुष्यभर रोज सकाळी फळ्यापुढे उभे राहून खडू हातात घेतला, त्याला आठवड्यातून एक तरी दहा वाजलेले लागतात. याहून अधिक मी या विषयावर लिहिणार नाही.

महिना सुरू झाला. सात मुले जमली. प्रत्येकाला अक्षरांचा एकेक रंग दिला. कोणी कोणाच्या ओळीला हात लावायचा नाही, हा नियम माझा. दुरुस्ती थेट न करता ती 'सूचना' म्हणून करावी, म्हणजे लिहिणारा ती स्वीकारेल किंवा नाकारेल, ही कल्पना सहशिक्षिकांची. माझी दुरुस्ती म्हणजे सूचना! के. आर. पुरमच्या एका मुलीने आपल्या ओळीत लिहिले होते, 'रिक्षावाले अण्णा म्हणाले, सरी.' मी 'सरी' खोडून बाजूला टीप लिहिली: 'सरी पावसाच्या असतात. येथे बरे असे लिहावे.' क्षणात माझ्या दुरुस्तीवर फुली पडली.

"फुली कोणी मारली?"

"मी, सर," ती म्हणाली. "पण ते कानडीत बोलले. 'बरे' म्हणालेच नाहीत. ते 'सरी'च म्हणाले."

सहशिक्षिकांनी आपला आवाज बंद केला. तो कशासाठी बंद केला, ते मला समजले.

निबंधाचा विषय मी 'लालबागेतील सहल' असा दिला होता. तीन आठवड्यांत मुलांनी मिळून नऊ वाक्ये लिहिली, आणि त्यांतली चार 'तिथे झाडे होती' अशी होती. विषय कंटाळवाणा होता असे पत्नी म्हणते. विषय उत्तम होता. झाडे तिथे आहेतच.

आता तो रविवार. पानाचा दुवा सकाळीच आला होता. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी मी माझ्या फोनवर एकदा टिचकी मारली, पान उघडलेले पाहिले, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दहाला पाच मिनिटे असताना संगणकापुढे बसलो. या पानाची एक रीत आहे: जो आपले नाव न सांगता आत येतो, त्याला ते स्वतःच एका प्राण्याचे नाव देते. कोल्हा, वटवाघूळ, कासव अशी आमची सातही मुले वर झळकू लागली आणि मी कोण, तू कोण, असा एकच गलका उडाला. एवढ्यात चिटणीस आले.

"मी उंट का?" त्यांनी गंभीरपणे विचारले.

"काका, ते आपोआप येतं!" मुले किंचाळली.

मी हजेरी घेतली. मुले सात, उंट एक; सहशिक्षिका आणि मी आमच्या नावांनी. प्राणी आठ हवेत. ते नऊ होते. नववा पाणघोडा होता. तो कोणाचाच नव्हता. त्याची निळी रेघ तिसऱ्या 'झाडे होती'पाशी लुकलुकत उभी होती.

"पाणघोडा कोण आहे?" मी विचारले.

कोणीही नव्हते. एकेकाला विचारले. नाही, नाही, नाही. म्हणजे परका मनुष्य आत शिरला होता, आणि तोही चिटणीसांच्या देखत. मी पानावरच लिहिले: 'पाणघोडा महोदय, हे वर्गाचे खाजगी पान आहे. आपण कृपया परिचय द्यावा अथवा प्रस्थान करावे.'

उत्तर नाही. काही हालचाल दिसते का, हे पाहण्यासाठी मी टेबलावर ओणवा होऊन पडद्याजवळ डोळे नेले. त्याबरोबर पाणघोडा बोलला.

'ळळळळळळळ'

सात घरांतून जी आरोळी उठली, ती मी आजवर कोणत्याही वर्गात ऐकली नव्हती. मी मागे टेकलो, पाणघोडा थांबला. मी कडक शब्दांत लिहिले, 'हा काय प्रकार आहे?' आणि उत्तर वाचायला पुन्हा पुढे झुकलो.

'कळावे तात्काळ कळावे ही नम्र विनंती ळळ'

"सर," के. आर. पुरमची मुलगी ओरडली, "हा तुमच्यासारखंच लिहितो!"

या ठिकाणी मी जे बोललो, ते सर्वत्र रंगवून सांगितले जाते. मी म्हणालो, "मनुष्य उद्धट आहे, परंतु त्याची भाषा शुद्ध आहे." होय, म्हणालो. शुद्ध होतीच. 'कळावे' हा शब्द महिनाभर शिकवूनही वर्गातल्या एकानेही जागेवर वापरला नव्हता.

यानंतर मी पाणघोड्याशी लेखी वाद घालत राहिलो, तो उलट उत्तरे देत राहिला, आणि त्या गडबडीत पानाच्या खालच्या भागात काय चालले आहे, तिकडे माझे लक्ष राहिले नाही. मुलांना नियम लावणारे कोणीच नव्हते. तिथे जे लिहिले गेले त्यांतले काही असे:

'पाणघोडा, तू काय खातोस?'

'तो निबंध खातो.'

'तो यशवंतपूरला ट्रेनमधून उतरला. त्याला लालबागेत जायचे होते.'

'पण त्याला एकपण रिक्षा घेईना.'

'रिक्षावाले अण्णा म्हणाले, स्वल्प बारीक होऊन ये.'

'पाणघोडा म्हणाला, सरी.'

'मग तो बारीक व्हायला फुटपाथवरून पळाला, तर फुटपाथच मोडला.'

'उंटालाही रिक्षा मिळाली नाही.'

हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

मी त्या वेळी पाणघोड्याला अखेरचा इशारा टंकीत होतो. इतक्यात पत्नी उप्पिटाची बशी घेऊन आली. ती सीमाभागातली आहे. चार घरांना ऐकू जाईल असे बोलणे ही त्यांच्याकडची पद्धत आहे.

"अहो! खिशात उजेड कसला पडलाय तुमच्या?"

मी खाली पाहिले. सदऱ्याचा खिसा निळसर उजळला होता. फोन बाहेर काढला. त्याच्यावर तेच पान उघडे होते, तीच निळी रेघ लुकलुकत होती, आणि टेबलाच्या कडेखाली दबून दबून, पुढचा शब्द आपोआप सुचवणाऱ्या, माझ्याच शब्दांची सवय झालेल्या त्या यंत्राने माझेच शब्द ओळीने मांडले होते. उरलेल्या जागी ळ.

मग यशवंतपूरचा मुलगा, ज्याच्या घरी आजोबांना अज्जा म्हणतात, आनंदाने बेंबीच्या देठापासून ओरडला, "अज्जाच पाणघोडा!"

पुढची दोन-तीन मिनिटे हसण्यातच गेली. कासव खुर्चीवरून खाली पडल्याचा आवाज आला. सहशिक्षिका डोळे पुसत होत्या. पत्नीने उप्पिटाची बशी माझ्या हातात न देता स्वतःच धरून ठेवली, कारण हसण्याने बशी हलत होती. मी हसलो नाही, असे मी म्हणत नाही.

परंतु हसू ओसरले तसा मला वर्ग आठवला. निबंध नऊ वाक्यांवरच उभा होता, आणि खाली हा सगळा गोंधळ. मी पाणघोड्यासकट सारा मजकूर निवडून निळा केला आणि खोडण्याच्या कळीवर बोट ठेवले.

"सर, खोडू नका!" के. आर. पुरमची मुलगी म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "ते आम्ही लिहिलंय."

माझे बोट तिथेच राहिले.

"राहू दे," चिटणीस म्हणाले. "वाचा बघू. ज्याची ओळ त्याने."

मुलांनी वाचले. अडखळत, एकमेकांना ढोसत, फुटपाथ मोडल्यावर पुन्हा पहिल्यापासून हसत. पान संपले तरी वाचन चालूच राहिले. मजकूर दुसऱ्या पानावर गेला होता. माझ्या नऊ वाक्यांचे कोणी नावही घेतले नाही.

मग चिटणीसांनी विचारले, "पुढच्या रविवारी हा पाणघोडा येणार का?"

"पाणघोडा म्हणजे माझा फोन—" मी सांगू लागलो.

"सर, येणार म्हणा हो," सहशिक्षिका हळूच म्हणाल्या.

"येईल," मी म्हणालो.

वर्ग राहिला. याविषयी कोणाचेही दुमत नाही.

दुमत आहे ते बाकी सगळ्याविषयी, म्हणून मी नोंदींचा तक्ता उघडून पुढच्या बैठकीत सर्वांना दाखवला. 'पाणघोडा महोदय'पासून अखेरच्या इशाऱ्यापर्यंत अकरा मिनिटे. तास नव्हे, सकाळ नव्हे. शिवाय, आठव्या मिनिटाला 'उंटालाही रिक्षा मिळाली नाही' हे वाक्य कोणी लिहिले, तेही तिथे स्पष्ट दिसते. चिटणीसांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला. ते अजूनही बाहेर सांगताना तासभरच म्हणतात. उंटाचा उल्लेख करीत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तक्त्यात पाहिलेली नाही. हल्ली वर्ग चालू असताना माझा फोन कपाटात असतो. हे पत्नीनेच सांगितले आणि मला पटले. तरीही दर रविवारी दहा वाजून काही मिनिटांनी कोणीतरी नावाच्या जागी 'पाणघोडा' असे टंकून आत येते. मुले त्याचीच वाट पाहत असतात. ती आता बारा झाली आहेत. पाणघोड्याची भाषा पूर्वीसारखी राहिलेली नाही. 'कळावे' गेले. 'स्वल्प' आले, 'अय्यो' आले, आणि परवा तर उप्पिटाची कृती आली, तीही चुकीच्या विभक्तीत.

मी पत्नीला विचारले. "मला कुठलं येतंय ते संगणकाचं?" ती म्हणाली. ती त्या वेळी स्वयंपाकघरात का असते, दार लोटून का घेते आणि मुलीने दिवाळीत तिला दिलेला नवा फोन तिथे काय करतो, हे तिने सांगितले नाही. तक्ता उघडून मिनिटे जुळवणे माझ्या हातात आहे. ज्या माणसाने एका रेघेसाठी अख्खे नकाशे परत काढून घेतले, त्याला ते जड नाही. मी उघडलेला नाही.

गेल्या रविवारी पाणघोड्याने मुलांना लिहिले, 'तुमचे सर ओरडतात, पण मनाने सरी आहेत.' अशुद्ध वाक्य होते. मी 'सरी' खोडून बाजूला 'बरे' अशी सूचना केली. स्वयंपाकघराच्या दारामागे कोणीतरी खुदकन हसले, आणि माझ्या दुरुस्तीवर फुली पडली.